भिंतीवरची मूल्ये आणि सोमवारची बैठक

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीतील आमची जुनी, एका घराण्याच्या मालकीची अभियांत्रिकी कंपनी गेल्या वर्षी पवईच्या एका तरुण सॉफ्टवेअर कंपनीत विलीन झाली. मी मनुष्यबळ विभाग पाहतो. सल्लागाराच्या मदतीने आम्ही पाच मूल्ये ठरवली, त्यांचे फलक दोन्ही कार्यालयांत लावले, लोणावळ्याला कार्यशाळाही घेतली. तरीही आमचे जुने सहकारी बैठकीत तोंड उघडत नाहीत आणि पवईकर म्हणतात की, यांच्याकडे साहेबांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. दोहोंची मिळून एक संस्कृती कशी घडवावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण ते जिथे पडायला हवे होते तिथे पडलेले नाहीत. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक एडगर शाइन (१९२८–२०२३) यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर मानले. पहिला थर बाहेरच्यालाही दिसतो : बसण्याची व्यवस्था, पोशाख, एकमेकांना हाक मारण्याची रीत. दुसरा थर म्हणजे संस्था स्वतःविषयी जे जाहीर करते ते. तिसरा, सर्वांत खालचा थर अशा गृहीतांचा असतो, जी कोणी बोलून दाखवत नाही, पण ज्यांच्या आधारे सगळे वागतात. आपले फलक आणि कार्यशाळा दुसऱ्या थरावर राहिल्या. तिसरा थर अनुभवातून साचतो : बढती कोणाला मिळाली, कोणाची चूक पोटात घातली गेली, ऑर्डर हातची गेली तेव्हा वरिष्ठांनी आधी कारण विचारले की नाव विचारले. शाइन यांच्या मते नेता कशाकडे लक्ष देतो, काय मोजतो आणि संकटात कसा वागतो, यांवरून संस्कृती ठरते. लिखित तत्त्वांचे काम दुय्यम असते आणि तेही या गोष्टींशी मेळ असेल तरच साधते.

हा मेळ नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत सापडते. ग्राहकाचे हित हे या बँकेचे जाहीर मूल्य होते. प्रत्यक्षात शाखांतील कर्मचाऱ्यांवर एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ सेवा बांधण्याचे टार्गेट होते आणि त्याचा हिशेब सतत घेतला जात असे. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडल्याचे उघड झाले, २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि त्यापूर्वीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या प्रकारांवरून काढून टाकल्याचेही समोर आले. इतकी माणसे एकाच वेळी स्वभावाने लबाड असतील हे पटत नाही. रोज काय विचारले जाते ते त्यांनी ऐकले आणि त्यानुसार ती वागली, इतकेच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपण फलक तसेच राहू द्यावेत आणि गेल्या तीन वर्षांतील बढत्यांची यादी समोर घ्यावी. प्रत्येक नावापुढे बढतीचे खरे कारण, निदान स्वतःपुरते, लिहून काढावे. विक्रीचे आकडे उत्तम पण हाताखालच्यांवर चारचौघांत ओरडणारा एखादा अधिकारी दोन्हीकडे असेलच. तो जागेवर राहिला तर ‘परस्पर आदर’ या मूल्याचा अर्थ दोन्ही इमारतींना नेमका समजतो. ही यादी संचालकांपुढे ठेवणे कार्यशाळा भरवण्यापेक्षा अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. मनुष्यबळ विभागाचे खरे काम मात्र तिथूनच सुरू होते.

आता बैठकीतील मौनाविषयी. पवईकर त्याला भीती म्हणतील आणि काही अंशी ते बरोबरही असेल, पण आपल्याकडे वरिष्ठांचे म्हणणे सर्वांसमोर खोडणे हा त्यांचा अवमान समजला जातो. तीच मंडळी बैठक संपल्यावर जिन्यात किंवा चहाच्या टपरीवर अचूक शंका काढतात, म्हणजे त्यांना मत नाही असे नव्हे. हॉर्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करत असताना त्यांना आढळले की, चांगले नेतृत्व असलेल्या परिचारिकांच्या गटांत नोंदलेल्या चुका कमी नसून अधिक होत्या. या गटांत चूक कबूल करणे सोपे होते, हे त्यामागचे कारण त्यांनी मांडले आणि पुढे १९९९ मध्ये मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तर अपमान वा शिक्षा होणार नाही या विश्वासाची, कल्पना विस्ताराने पुढे आणली. आपल्याकडे ती उतरवताना ‘मोकळेपणाने बोला’ असे सांगून भागणार नाही, कारण त्या वाक्यानंतर पहिला जो बोलतो त्याचे काय होते याकडे सर्वांचे लक्ष असते. बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी पाठवावेत, सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला आधी विचारावे आणि प्रमुखांनी शेवटी बोलावे. पहिली वाईट बातमी आली की प्रमुखांनी आवाज न चढवता ‘आता काय करता येईल?’ एवढेच विचारावे. असे काही महिने सातत्याने झाले, तर अंधेरीकरही बोलू लागतील. बहुधा आधी सौम्यपणे आणि आडवळणाने. पवईकरांनी ते आडवळण ऐकायला शिकणे हाही विलीनीकरणाचाच भाग आहे.

राहिला एक संस्कृती करण्याचा प्रश्न. ती इतकी एक असायलाच हवी का, अशी मला शंका आहे. विजया बँक आणि मुंबईत मुख्यालय असलेली देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. तिथे नुसत्या संगणक यंत्रणा जुळवायलाच वर्षाहून अधिक काळ गेला. माणसांच्या सवयींना त्याहून कमी वेळ लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. सुरक्षितता, गुणवत्ता आणि ग्राहकाला दिलेला शब्द यांबाबत दोन्हीकडे एकच नियम असावा. कोण कोणाला ‘सर’ म्हणतो आणि कोण नावाने हाक मारतो, हे खुशाल वेगळे राहू द्या.

प्रश्न : आमचे व्यवस्थापक ‘आपण सारे एक कुटुंब’ असे नेहमी म्हणतात. कंपनीच्या धोरणात लवचिक वेळ आहे, पण सकाळी लवकर येऊनही मी लोकल गाठण्यासाठी संध्याकाळी सहाला जागेवरून उठले की हसत विचारणा होते, “काय, आज हाफ डे?” मी काय करावे?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : तो विनोद हाच आपल्या कार्यालयाचा खरा नियम आहे; धोरणाचा कागद त्याच्यापुढे फिका पडतो. लवचिक वेळेची गरज मुंबईत पटवून द्यावी लागू नये. गर्दीच्या वेळी लोकलवर येणारा ताण कमी व्हावा म्हणून मध्य रेल्वेने २०२३ मध्ये कार्यालयांना वेळा बदलण्याचे आवाहन केले होते. पण उशिरापर्यंत बसणाऱ्यालाच निष्ठावंत समजले जात असेल, तर ती सवलत वापरण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

कुटुंबाच्या भाषेला माझा सरसकट विरोध नाही, परंतु आपुलकीची परीक्षा ती नियमात उतरते की नाही यावर घ्यावी. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये, कायद्याची सक्ती नसताना, आठ तासांचा दिवस लागू झाला. याच मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मात्र मालकांच्या मायेतून मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून अनेक वर्षे ती मागणी लावून धरली, तेव्हा ती १८९० मध्ये मान्य झाली.

आपण व्यवस्थापकांशी एकट्याने, शांतपणे बोलावे. आपली येण्या-जाण्याची वेळ आणि आठवड्याचे ठरलेले काम ईमेलवर नोंदवून त्यांची संमती घ्यावी. त्यानंतरही टोमणा आला, तर हसून सोडून न देता “आपले ठरल्याप्रमाणे मी निघते आहे” असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. दोन सहकाऱ्यांनी आपल्यासोबत उठायला सुरुवात केली, तर विनोद आपोआप ओसरेल.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या वार्षिक सर्वेक्षणात समाधानाचे गुण दरवर्षी उत्तम येतात आणि लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीकडे आजवर एकही तक्रार नाही. यावरून संस्कृती निरोगी आहे असे म्हणता येईल ना?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : इतक्यावरून म्हणता येणार नाही. सर्वेक्षणातून माणसे जितके सांगायला तयार असतात तितकेच कळते, आणि नाव गुप्त राहील यावर त्यांचा विश्वास नसेल तर गुण उत्तमच येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. परंतु शून्य तक्रारींमागे खरोखर सुरक्षित वातावरण असू शकते, तसेच समितीविषयीचे अज्ञान किंवा अविश्वासही असू शकतो. समितीच्या सदस्यांची नावे सांगा, असे रिसेप्शनवरील आणि हाउसकीपिंगमधील महिलांना सहज विचारून पाहावे. त्यासोबत रुजू झाल्यापासून वर्षाच्या आत सोडून गेलेल्यांची विभागवार यादी काढावी. एकाच विभागातून माणसे वारंवार जात असतील, तर त्यांना नोकरी सोडून काही महिने झाल्यावर, त्या विभागाशी संबंध नसलेल्या कोणाकडून फोन करवावा; शेवटच्या दिवशीच्या मुलाखतीत अनुभवाच्या पत्रासाठी जे बोलायचे राहून जाते, ते तेव्हा बोलले जाते.