तिकडे व्हॉट्सॲप बंद, इकडे वुईचॅट बंद

शिक्षणाला, नोकरीला किंवा यंत्रखरेदीला परदेशी निघालेल्या सोलापूरकरांची बरीच पत्रं यंदा एकाच अडचणीवर आली आहेत: तिथे गेल्यावर नेहमीची ॲप्स आणि संकेतस्थळं उघडत नाहीत. त्यातल्या काही पत्रांना उत्तरं.

प्रश्न : मुलगी एमबीबीएससाठी चीनला निघाली आहे. तिथे व्हॉट्सॲप चालत नाही म्हणतात. मग आम्हीच वुईचॅट घेतलं तर? रोज बोलायचं कसं? — एक आई, जुळे सोलापूर

ताई, वुईचॅट या चिनी संदेश ॲपचा मार्ग आपल्याच बाजूने बंद आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत वुईचॅट होतं. चीनने व्हॉट्सॲप २०१७ मध्ये अडवलं. यूट्यूब आणि फेसबुक तर तिथे २००९ पासून बंद आहेत, जीमेल २०१४ पासून. त्यामुळे दोन्ही देशांत चालेल असं तिसरं साधन शोधायचं आणि ते मुलगी घरात असतानाच वापरून बघायचं.

मुलीकडे आयफोन असेल तर फेसटाइम चीनमध्ये चालतं. तुमच्याकडे अँड्रॉइड असला तरी अडत नाही. तिने फेसटाइममध्ये लिंक तयार करून तुम्हाला ईमेलने पाठवायची, तुम्ही ती क्रोममध्ये उघडायची आणि तिने तिकडून तुम्हाला आत घ्यायचं. दोघींकडे अँड्रॉइड असेल तर मायक्रोसॉफ्ट टीम्स घ्या. चित्र अडकलं की कॅमेरा बंद करा, आवाज बहुतेक वेळा टिकतो. टीम्स आजच दोन्ही फोनवर टाका, कारण प्ले स्टोअर तिथे उघडणार नाही.

इथे एक गोष्ट पालकांना घाबरवते. अँड्रॉइडवर येणाऱ्या कॉलची घंटी गूगलच्या सूचनासेवेतून वाजते आणि चीनमध्ये त्या सेवेचा भरवसा नाही. तुम्ही फोन करता, तिकडे काहीच वाजत नाही, इकडे घरात काळजी सुरू. म्हणून वेळ ठरवून दोघींनी ॲप उघडून बसायचं. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. सोलापुरात संध्याकाळी ७ म्हणजे तिकडे साडेनऊ. आपल्याकडची जेवणं आटोपून रात्री ९ ला फोन लावलात तर तिकडे साडेअकरा झालेले असतात.

निघण्याआधी फोनची तयारी हवी. भारतीय सिम चालू ठेवा, त्यावरचा रोमिंग डेटा बंद ठेवा, पण रोमिंग सुरू असू द्या. बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येतात, आणि सिम काढलं की यूपीआय ॲप पुन्हा नोंदणी मागतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये प्लास्टिकच्या सिमची जागा एकच असते. ती चीनच्या सिमसाठी लागणार, तेव्हा भारतीय सिम इथे असतानाच ई-सिममध्ये (फोनच्या आतच असणारं, कार्ड नसलेलं सिम) बदलून घ्या.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगचा पर्याय आहे. तिथे आउटलुकचा पत्ता घाला, त्या पत्त्यावर आलेल्या संदेशातून पुष्टी करा आणि मग फॉरवर्डिंग सुरू करा. पुष्टी करून पुढचा टप्पा राहून गेला तर एकही पत्र पुढे जात नाही. विद्यापीठाला आउटलुकचाच पत्ता कळवा. गूगल खात्याचे बॅकअप कोड (एका वेळी १० मिळतात) कागदावर छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, कारण फोनवर येणारी गूगलची ‘हो, मीच आहे’ विचारणारी सूचना तिथे पोहोचेलच असं नाही.

आणखी दोन नुकसानं लोकांना उशिरा कळतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो, त्यामुळे चीनमध्ये फोन बिघडून नवा घेतला तर जुनी संभाषणं परत येत नाहीत. आणि व्हॉट्सॲप १२० दिवस वापरलंच नाही तर खातं काढून टाकलं जातं. सुट्टीत घरी आल्यावर, किंवा हाँगकाँगला जाणं झालं तर तिथे, ते एकदा उघडायचं. हाँगकाँग आणि मकाऊ या अडवणुकीबाहेर आहेत.

प्रश्न : टॉवेलचा कारखाना आहे. रेपियर माग बघायला दहा दिवस चीनला जायचं आहे. कोटेशन जीमेलवर, डिझाइनं गूगल ड्राइव्हवर आणि कामगारांचा ग्रुप व्हॉट्सॲपवर. काय करू? — एक कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

दहा दिवसांसाठी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा डेटा पॅक घ्या. अडवणूक तुमच्या फोनमध्ये नसते, तिथल्या नेटवर्कमध्ये असते. रोमिंगवर तुमचा डेटा चीनमधला टॉवर उचलतो, पण तो मोकळ्या इंटरनेटवर बाहेर पडतो तो आपल्या कंपनीच्या भारतातल्या दारातून. म्हणून जीमेल, व्हॉट्सॲप, ड्राइव्ह सगळं उघडतं, थोडं संथ इतकंच.

बिघडतं ते हॉटेलात. फोन हॉटेलच्या वायफायला आपोआप जोडला जातो, मग व्हॉट्सॲप थांबतं आणि पॅकच गेला असं वाटतं. वायफाय बंद करा, मिनिटभरात संदेश सुरू होतील. पॅक आधी पुरेल एवढा घ्या. डिझाइनच्या फाइली मोठ्या असतात, त्या सोलापुरातच लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर उतरवून न्या. लॅपटॉपला नेट द्यायचं तर फोनचा हॉटस्पॉट वापरा आणि लॅपटॉपचे अपडेट्स बंद ठेवा, नाहीतर एका रात्रीत पॅक संपेल.

याच दाराची दुसरी बाजूही लक्षात घ्या. तुमचा डेटा भारतातून बाहेर पडतो, म्हणजे भारतातली बंदीही तुमच्यासोबत आली. माग विकणारा वुईचॅटवर बोलू म्हणेल आणि रोमिंगवर ते अडेल. त्याला पहिल्याच पत्रात ईमेलचा पत्ता द्या आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस ईमेलवरच मागा. पैशांचा व्यवहार आहे, लेखी पुरावा राहिलेला बरा.

नकाशाचं वेगळं आहे. गूगल मॅप्स रोमिंगवर उघडतं, पण चीनच्या नकाशांची अधिकृत मापनपद्धत मुद्दाम सरकवलेली असल्याने खूण काही शे मीटर चुकू शकते. आयफोनवरचं ॲपल मॅप्स तिथे स्थानिक नकाशे वापरतं, ते धरा. कारखान्याचा पत्ता चिनी लिपीत छापून जवळ ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

प्रश्न : एक जण चीनला निघालेल्या मुलाला ‘आयुष्यभर चालणारा’ व्हीपीएन विकतोय. घेऊ का? — एक वडील, साखर पेठ

घेऊ नका. व्हीपीएन म्हणजे आपली सगळी इंटरनेट वाहतूक झाकून दुसरीकडच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. चीनचा कायदा आधी बघा. परदेशी इंटरनेटशी जोडणी सरकारमान्य मार्गानेच करायची, हा नियम १९९६ पासून आहे आणि मोडल्यास १५,००० युआनपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपन्यांना मान्यताप्राप्त जोडण्या मिळतात. विद्यापीठाची काही सोय असेल तर मुलाने तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून लेखी उत्तर घ्यावं. व्हिसावर राहणाऱ्या मुलाने नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं की नाही, हे दुकानदाराने ठरवायचं नसतं.

आणि ‘आयुष्यभर’ हे तांत्रिकदृष्ट्याही खोटं आहे. व्हीपीएनने मजकूर झाकला तरी जोडणी सुरू होतानाची देवाणघेवाण ठरावीक पद्धतीची असते. तिथली यंत्रणा ती ओळखते, संशयित सर्व्हरला स्वतःहून चाचपून बघते आणि त्याचा पत्ता बंद करते. मार्चमधलं संसदेचं अधिवेशन, ४ जून (तिआनमेन चौकातल्या कारवाईचा स्मरणदिन), १ ऑक्टोबर (चीनचा राष्ट्रीय दिन), अशा दिवसांच्या आसपास पकड आवळते. फुकटच्या व्हीपीएनमधून बँकेचं काम तर कधीच करू नये. तुमची सगळी वाहतूक अनोळखी माणसाच्या सर्व्हरमधून जाते, आणि एकाच दिवशी दोन देशांतून लॉगिन दिसलं की बँक खातं गोठवू शकते ते वेगळंच.

प्रश्न : जावई दुबईला आहेत. व्हॉट्सॲपवर संदेश येतो, फोटो येतो, कॉल मात्र ‘कनेक्टिंग’वर अडकतो. — एक सासूबाई, मुरारजी पेठ

तिथे इंटरनेटवरून कॉल करण्याची सेवा देण्यासाठी परवाना लागतो आणि व्हॉट्सॲप कॉलला तो नाही. संदेश आणि व्हॉइस नोट चालतात. बॉटिम, झूम आणि टीम्स यांना परवानगी आहे. यातलं एक दोन्हीकडे टाकलं की झालं. व्हीपीएन लावून व्हॉट्सॲप कॉल करू म्हणाले तर थांबवा: गुन्ह्यासाठी किंवा गुन्हा लपवण्यासाठी असा आडमार्ग वापरल्यास २०२१ च्या कायद्यात ५ लाख ते २० लाख दिऱ्हम दंड आणि कैदही आहे.

प्रश्न : भाऊ चीनमध्ये नोकरीला आहे. आपल्याकडची काही संकेतस्थळंही त्याला उघडत नाहीत. त्यांवर चीनने कशाला बंदी घातली असेल? — एक वाचक, अशोक चौक

बऱ्याचदा चीनने घातलेलीच नसते. पडद्यावर काय दिसतं ते त्याला विचारा. ‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ४०३ दिसत असेल तर बहुधा संकेतस्थळच नकार देतंय. आपली काही सरकारी संकेतस्थळं परदेशी इंटरनेट पत्त्यांना आत घेत नाहीत. काही क्षण फिरून ‘कनेक्शन रीसेट’ आलं तर अडवणूक वाटेवर आहे. आणि पान उघडतं, पण ‘मी रोबो नाही’चा चौकोन येतच नाही, त्यामुळे बटण दाबता येत नाही, असं असेल तर तो चौकोन गूगलच्या सर्व्हरवरून यायचा असतो आणि तिथे गूगल बंद आहे.

तिन्ही प्रकारांत भारतीय सिमवर तासाभराचा रोमिंग डेटा चालू केला की काम होतं. कर विवरणपत्रासारखं काम तुम्ही सोलापुरातून भरायचं ठरवलंत तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. तो थोडाच वेळ चालतो, म्हणून दोघांनी आधी फोनवर यायचं आणि मग ओटीपी मागवायचा.