मदत करणारे मागे का हटतात?

प्रश्न : परस्परांना मदत करण्यासाठी जमलेल्या आमच्या गटात आरंभी सगळेच हातभार लावत असत. गट वाढला तसे मोजकेच राबू लागले आणि उरलेले आयता लाभ घेऊ लागले. माणूस मुळातच स्वार्थी असतो, असे समजावे काय?

उत्तर : एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. फिशबाखर, गेश्टर आणि फेर या संशोधकांच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, सामायिक निधीत पैसे देण्याच्या प्रयोगात सुमारे निम्मे लोक इतर देतील त्या मानाने देणारे आढळले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांनी, इतरांनी कितीही दिले तरी, स्वतः काहीच दिले नाही. आपल्या गटात राबणे सोडणारे बहुतेक जण पहिल्या प्रकारचे असावेत. आयतोबांना मोकळे सुटलेले पाहून ते हात आखडता घेतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच स्वार्थी दिसतात.

गट वाढल्याचा उल्लेख आपण सहज केला आहे, पण खरी मेख तिथेच असावी. ओत्सुकी, नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गणिताने दाखवले की, माणसे आपल्या संबंधितांपैकी यशस्वी दिसणाऱ्यांचे अनुकरण करतात असे धरल्यास, मदतीचा लाभ तिच्या खर्चाच्या जितका पट असेल, त्यापेक्षा प्रत्येकाच्या संबंधांची सरासरी संख्या कमी असेल तरच सहकार्य तग धरते. म्हणजे लाभ खर्चाच्या पाचपट असेल, तर प्रत्येकाचे चौघांशी संबंध असताना सहकार्य टिकू शकते. दहा जणांशी असताना ते ढासळते. हे सरलीकृत प्रतिमान आहे, त्यामुळे आपल्या सभासदांची मोजदाद करत बसू नये. मात्र रँड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगांतही या नियमाला पुष्टी मिळाली.

यावर उपाय म्हणून दंड सुचवला जातो, पण माझा कल वेगळा आहे. रँड, आर्ब्समन आणि ख्रिस्ताकिस यांच्या २०११ च्या प्रयोगात कोणाशी संबंध ठेवायचा हे वारंवार ठरवण्याची मुभा असलेल्या जाळ्यांत सहकार्य टिकले, कारण सहभागी मंडळी स्वार्थ्यांशी संबंध तोडून सहकार्य करणाऱ्यांशी जोडत होती. संबंध न बदलणाऱ्या किंवा क्वचितच बदलणाऱ्या जाळ्यांत ते ओसरत गेले. म्हणून गटाचे छोटे उपगट करावेत, कोणी काय केले हे सर्वांना दिसू द्यावे आणि उपगट निवडण्याची व सोडण्याची मोकळीक सभासदांना द्यावी. अडचणीमुळे तात्पुरता मागे पडलेला सभासदही यात एकाकी पडू शकतो, तेव्हा त्याला परतण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी.