वाचकांचे प्रश्न : हेक्स आकडा ठेवावा की बिट लिहावेत?

प्रश्न : मी भोसरीला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसणारा प्रोग्रॅम, लिहिते. ड्रायव्हरमधले (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधले) हेक्स, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेले, आकडे काढून मी बिट आणि जेनमास्क हे मॅक्रो (कोडमधली लघुरूपं) घातले; बिट एका बिटाचा नंबर घेतो, जेनमास्क सलग बिटांचा पहिला-शेवटचा नंबर. सीनियर म्हणतात, ‘हेक्स वाचता आलंच पाहिजे, उगाच कोड फुगवू नकोस.’ पूर्ववत करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नको. माझा निकष एकच आहे. डेटाशीटच्या (चिपच्या माहितीपत्रकाच्या) तक्त्यावर एक बोट आणि कोडच्या ओळीवर दुसरं ठेवलं, की मनात हिशेब न करता दोन्ही जुळलं पाहिजे.

एसटीएम३२एफ४ ही मायक्रोकंट्रोलर चिप घ्या. पोर्ट ‘ए’च्या ५ नंबर पिनचा मोड मोडर या रजिस्टरच्या (चिपमधल्या सेटिंगच्या जागेच्या) ११ आणि १० या बिटांत असतो, ०१ म्हणजे आउटपुट. कोडमध्ये जेनमास्क(११, १०) दिसलं की तपासणी झाली. त्याजागी हेक्स सी०० असेल तर आधी बायनरी मांडा, मग उजवीकडून घरं मोजा. टाइप करताना एक शून्य गळालं तर उरतं सी०, म्हणजे बिट ७ आणि ६, म्हणजे ३ नंबरची पिन! कंपायलर हूं की चूं करत नाही. लिनक्स कर्नलच्या जेनमास्कमध्ये आकडे उलटसुलट पडले, तर बिल्डच अडतो. तिथल्या फील्ड-प्रेप या मॅक्रोला (तो मूल्य ठरावीक बिटांच्या जागी बसवतो) मास्कमध्ये, म्हणजे त्या निवडलेल्या बिटांत, न मावणारा स्थिरांक दिला, तरी तेच.

कोड फुगत नाही. हे सगळं कंपाइल होतानाच आकड्यात बदलतं. सीनियरना दोन्हींची डिसअसेंब्ली (चिपला मिळणाऱ्या सूचनांची यादी) शेजारी ठेवून दाखवा, रागावणार नाहीत.

तुमच्याकडे लिनक्स नसेल तर मॅक्रो स्वतः लिहावे लागतील. तेव्हा नुसता १ सरकवू नका, १यू (अनसाइन्ड, म्हणजे ऋण न होणारा १) लिहा. साधा १ हा साइन्ड इंट (ऋण-धन चिन्ह असलेला पूर्णांक) असतो आणि ३२ बिटांच्या इंटमध्ये तो ३१ घरं सरकवला, तर काय व्हावं हे सी स्टँडर्डने ठरवलेलंच नाही.

मात्र प्रत्येक आकडा फोडत बसू नका. याच चिपच्या फ्लॅश मेमरीचं कुलूप काढायची पहिली किल्ली हेक्स ४५६७०१२३ आहे. तिच्या सुट्या बिटांना काही अर्थ नाही. नाव द्या, आकडा मॅन्युअलात आहे तसाच ठेवा.

आणि एकक नावात हवंच. ‘टाइमआउट ५००’ वाचून मिलिसेकंद की मायक्रोसेकंद, हे तुमच्यानंतर येणाऱ्याला कोण सांगणार?