युजर मॉडेलची जादा माहिती टेबलात कॉलम न वाढवता रेडिसमध्ये (मेमरीत की-व्हॅल्यू जोड्या ठेवणारा डेटा साठा) ठेवली तर चालेल का? टेबल मोठं आहे, कॉलम वाढवला तर ते लॉक होईल अशी भीती वाटते, आणि रेडिस कॅशसाठी आधीच चालू आहे.

चालेल, पण सगळी नाही. तुम्ही चार गोष्टी लिहिल्या आहेत: आवडती थीम, युजर शेवटचा कधी आला ती वेळ, प्रोफाइल किती वेळा पाहिलं गेलं तो आकडा आणि सदस्यत्वाचा प्रकार. यातल्या मधल्या दोनच मी रेडिसमध्ये टाकेन.

तुमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रो अपडेट केली की जुनी आवृत्ती जागेवरच राहते आणि शेजारी नवी लिहिली जाते. जुनीचा कचरा पुढे व्हॅक्यूम काढतो. प्रत्येक पेजलोडला वेळ बदलायची, तर एका टाइमस्टॅम्पपायी युजरची भलीमोठी रो पुन्हा पुन्हा लिहिली जाणार. रेडिसमध्ये तेच काम एका एचसेटमध्ये होतं; ही कमांड हॅशमधलं, म्हणजे एका कीखाली (नावाखाली) ठेवलेल्या फील्ड-व्हॅल्यूंच्या संचातलं, एक फील्ड लिहिते. आकड्यासाठी एचइन्क्रबाय (हॅशमधला आकडा जागेवरच वाढवणारी कमांड) वापरा. रेडिस कमांड एकामागून एक चालवतो, त्यामुळे दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तरी गणती चुकत नाही. आकडा ॲपमध्ये वाचायचा, एक मिळवायचा आणि परत लिहायचा, असं मात्र करू नका. गर्दीत काही भेटी हमखास गळतात.

सदस्यत्वाचा प्रकार तिथे अजिबात नको. आज तुम्हाला तो फक्त प्रोफाइल पानावर दाखवायचा आहे. उद्या कोणीतरी ‘गेल्या महिन्यात नोंदणी केलेल्या प्रीमियम सदस्यांची यादी द्या’ म्हणणार, आणि साध्या हॅशमध्ये व्हॅल्यूवरून शोध घेता येत नाही. मग एकतर सगळ्या की चाळत बसा, नाहीतर प्रत्येक प्रकारासाठी वेगळा सेट ठेवून तो हाताने जुळवत राहा. डेटाबेस इंडेक्स फुकटात सांभाळत होता, ते काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलेलं असतं. शिवाय ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी रेडिसमध्ये लिहिलेलं मागे फिरत नाही. पैसे भरण्याची नोंद रद्द झाली आणि युजर मात्र प्रीमियमच राहिला, हा घोळ निस्तरायला फार वाईट.

थीमसाठी पोस्टग्रेसमध्येच एक जेसनबी (जेसन स्वरूपात मोकळी माहिती ठेवणारा) कॉलम करा. तो 9.4 पासून, म्हणजे 2014 पासून आहे, मायएसक्यूएलमध्येही 5.7 पासून जेसन टाइप आहे. अशा बारीकसारीक आवडीनिवडी त्यात मायग्रेशनशिवाय (टेबलाची रचना न बदलता) मावतात. आणि मोठ्या टेबलात कॉलम वाढवला की टेबल लॉक होऊन बसतं, ही तुमची भीती बरीचशी जुनी आहे. पोस्टग्रेस 11 पासून (2018) स्थिर डिफॉल्टसह कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. लॉक लागतो, पण क्षणभर. फक्त त्या वेळी त्याच टेबलावर एखादी लांबलचक क्वेरी चालू नाही ना, तेवढं बघा.

आता रेडिसची सेटिंग्ज. तुम्ही कॅशसाठी चालवताय त्याच इन्स्टन्समध्ये हे ठेवू नका. तिथे मॅक्समेमरी पॉलिसी ऑलकीज-एलआरयू (बराच काळ न वापरलेल्या की काढणारी) असेल, तर मेमरी भरल्यावर रेडिस तुमचे आकडेही निमूटपणे काढून टाकेल, एररसुद्धा येणार नाही. वेगळा इन्स्टन्स घ्या, पॉलिसी नोइव्हिक्शन (काहीही न काढणारी) ठेवा आणि एओएफ (प्रत्येक लेखनाची डिस्कवरच्या फाइलमध्ये नोंद) चालू करा, तो मुळात बंद असतो. एव्हरीसेकवर, म्हणजे दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याच्या सेटिंगवर, सर्व्हर कोसळला तर साधारण शेवटच्या एका सेकंदाचं लेखन जातं. भेटींच्या आकड्याला तेवढं चालतं.

कोडमध्ये थेट कमांड विखरू नका, मॉडेलवरच छोटे मेथड लिहा. की युजरनेमवरून न करता आयडीवरून करा, कारण युजरनेम बदलतं. परत येणारी प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग असते. त्यामुळे ‘फॉल्स’ लिहिलंत तर वाचताना ते पाच अक्षरी स्ट्रिंग म्हणून येतं आणि अनेक भाषांमध्ये खरं ठरतं. टाइप बदलण्याचं काम त्या मेथडमध्येच उरका. युजर डिलीट झाला की त्याची की कमिटनंतरच्या (डेटाबेसमधला बदल पक्का झाल्यावर चालणाऱ्या) कॉलबॅकमध्ये पुसा.

यादीच्या पानावर प्रत्येक युजरसाठी वेगळा एचगेट (हॅशमधलं फील्ड वाचणारी कमांड) मारलात, तर पन्नास युजरांना पन्नास फेऱ्या होतील. रेडिस कितीही वेगवान असला तरी नेटवर्कचा वेळ प्रत्येक फेरीला लागतोच. सगळे एचगेट पाइपलाइनमध्ये घालून एकदम पाठवा.