मॉनिटर परत करू नका, आधी हर्ट्झ बघा

तुमचा प्रश्न असा आहे: इंदिरानगरच्या घरी २७ इंची ४के मॉनिटर आणला, टीव्हीची जुनी एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावली, आणि आता माउसचा बाण अडखळतो, अक्षरांना रंगीत कडा दिसतात. मॉनिटर परत करावा, की एमजी रोडवरून भारी केबल आणावी?

अजून दोन्ही नको. आधी विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. वरच्या यादीतून बाहेरचा मॉनिटर निवडा. तिथे बहुधा लॅपटॉपचाच पडदा निवडलेला असतो आणि माणूस त्याचा आकडा वाचून निर्धास्त होतो. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, ३० हर्ट्झ दिसला, तर बाण का अडखळतो ते कळलं. यादीत ६० असेल तर निवडा. नसेल तर पुढचा हिशोब समजून घ्या.

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. नुसत्या चित्राचेच जवळपास १२ गिगाबिट झाले. एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यातही चित्राच्या वाट्याला ८.१६ येतात. तिथे ३० हर्ट्झ मावतं, पूर्ण रंगांसह ६० मावत नाही. पुढच्या २.० आवृत्तीला १८ गिगाबिट मिळतात, तिथे ६० बसतं. लॅपटॉपचं पोर्ट, केबल, मधला अ‍ॅडॅप्टर आणि मॉनिटरचं पोर्ट, यांत जे सगळ्यात कमजोर त्याच्याच चालीनं बाकीच्यांना चालावं लागतं. लॅपटॉपचं पोर्टच १.४ असेल, तर कितीही महाग केबल पैसे वाया घालवेल. म्हणून दुकानात जाण्याआधी मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवर पोर्टची माहिती वाचा.

मॉनिटरचा स्वतःचा मेनूही उघडा. काही मॉनिटरमध्ये एचडीएमआय १.४ की २.० असा पर्याय असतो आणि तो १.४ वर राहिलेला असतो. बदलला की ६० लगेच दिसू लागतं, एक रुपया न लागता.

रंगीत कडांसाठी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कलर फॉरमॅट बघा. तिथे वायसीबीसीआर (YCbCr) ४:२:२ किंवा ४:२:० असेल तर रंगाची माहिती कमी करून पाठवली जाते. सिनेमात ते खपतं, पण बारीक अक्षरांत लगेच खुपतं. आरजीबी (प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग) करा, रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, फुल ठेवा. काळा रंग राखाडी दिसला तर लॅपटॉप आणि मॉनिटर यांपैकी एक बाजू फुल आणि दुसरी लिमिटेड आहे, दोन्ही जुळवा. मॉनिटरचा शार्पनेस वाढवलेला असेल तर तोही मूळ आकड्यावर आणा. २७ इंचाला विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल (अक्षरांचा आकार) १५० टक्के ठेवा आणि एकदा साइन आउट करून परत या, जुने प्रोग्राम तेव्हाच नीट दिसतात.

लॅपटॉपला यूएसबी-सी असेल आणि त्यातून डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच चित्र पाठवायची दुसरी जोडणी) निघत असेल, तर तोच रस्ता मला जास्त आवडतो. मात्र मोबाइलच्या चार्जिंगची केबल चालणार नाही. तिच्यात बहुधा यूएसबी २.० च्याच तारा असतात, चित्राच्या नसतात, म्हणून मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. हब घेताना तर फारच जपा: यूएसबी-सीमध्ये माहितीच्या चार वाटा, म्हणजे लेन, असतात; स्वस्त हब बहुधा यूएसबी ३ साठी दोन लेन राखून ठेवतो, चित्राला दोनच उरतात आणि अनेकदा पुन्हा ३० हर्ट्झ पदरात पडतं. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट अशी जोडणी असेल तर साधा अ‍ॅडॅप्टर निरुपयोगी. तो फक्त उलट दिशेनं चालतो. इथे यूएसबीवरून वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

केबल घ्यायचीच ठरली तर '२.० ची द्या' असं सांगू नका. एचडीएमआयच्या नियमांनुसार केबलवर आवृत्तीचा आकडा छापायचाच नसतो. 'प्रीमियम हाय स्पीड' मागा, १८ गिगाबिटला तीच पुरते. खोक्यावरचं पडताळणीचं लेबल मोबाइलनं स्कॅन करा. लांबी २ मीटरच्या आत ठेवा. सोन्याच्या मुलाम्याला जादा पैसे देऊ नका, त्यानं चित्र उजळत नाही. कमजोर केबलची खूण वेगळीच असते: पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा सेकंदभर काळा होतो.

एवढं करूनही दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या चांगल्या केबलनं आणि मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टवरही तोच त्रास राहिला, तर मात्र परत करा. मुदत संपण्याआधी ही तपासणी उरकून घ्या आणि खोकं फेकू नका.