पंचमस्तंभी : यात खांब आला कुठून?

आत राहून शत्रूला सामील असलेला तो ‘पंचमस्तंभी’ की ‘पंचमस्थंभी’, असं एका वाचकाने विचारलंय. सोबत टीव्हीवर ऐकलेलं एक वाक्य पाठवलंय. त्यात निवेदकाने एका अख्ख्या समाजाला पंचमस्तंभी ठरवलं आणि त्याच दमात ‘लोकशाहीच्या पाचव्या खांबाला वाळवी’ लावून टाकली. कपाळावर हात मारून घेतला मी.

अहो, इथे खांब नाहीच! 1936 साली स्पेनच्या यादवीत बंडखोरांचे चार ‘कॉलम’ माद्रिदवर चालून निघाले. पाचवा शहरात आधीच दबा धरून बसलाय, ही बढाई बंडखोरांच्या जनरल मोलाच्या नावावर सांगतात. कॉलम म्हणजे कूच करणारी फौजेची रांग. कोशवाले म्हणतात, लॅटिन ‘कोलुम्ना’ म्हणजे खांबच. असेल. खांब चालून जात नाही, एवढं तरी कोशवाल्यांना ठाऊक असावं.

हिंदीवाल्यांचा शब्द बघा : पंचमांगी. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही चतुरंग सेना. बुद्धिबळाचं ‘शतरंज’ त्यातूनच आलं. तिचं हे पाचवं अंग, पटावर नसलेली सोंगटी! घडवणाऱ्याच्या मनात चतुरंगच असणार, असं मी पैजेवर सांगतो.

आपल्याकडे ‘फितूर’ होताच की. अरबी ‘फुतूर’ म्हणजे ढिलेपणा. आपण त्याचा दगा केला. पण फरक बघा : फितूर व्हावं लागतं, आधी आपला असलेला किल्लेदार फितूर होतो. पंचमस्तंभी मात्र नुसत्या आडनावावरून ठरवता येतो. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेचे नौदलमंत्री नॉक्स यांनी हवाईतल्या हल्ल्याचं खापर ‘फिफ्थ कॉलम’वर फोडलं. फेब्रुवारी 1942 मध्ये जनरल डेविट यांनी तर कडीच केली : अजून घातपात झालेला नाही, म्हणजे तो नक्की होणार! सुमारे 1,20,000 जपानी वंशाची माणसं तारेच्या कुंपणाआड गेली, त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेचीच नागरिक. हेरगिरी एकावरही शाबीत झाली नाही. आपणही 1962 मध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर आसामातल्या माकुमची चिनी कुटुंबं आगगाडीत कोंबून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत पाठवली. कित्येकांचा जन्म इथलाच. शेवटचे लोक सुटले ते 1967 मध्ये. यातलं फितूर कोण झालं होतं?

हां, तुमचा प्रश्न. ‘स्तंभ’च. ‘स्थंभ’ असा शब्दच नाही.