अमेरिकेतल्या ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’मध्ये, म्हणजे क्विल्ट (तिकडची गोधडी) शिवणाऱ्यांच्या मंडळात, नेमकं काय चालतं? जिला फक्त गोधडी शिवता येते अशा बाईला तिथे घेतात का?

घेतात, आणि सुईदोऱ्याची सवय असलेल्या बाईला तर हौसेने घेतात. तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकत्याच नॉर्थ कॅरोलिनात आलात, लायब्ररीच्या फलकावर गिल्डची चिठ्ठी पाहिली, आजीच्या हाताखाली गोधड्या शिवल्यात पण मशीनवरचं हे काम कधी केलं नाही, आणि त्या चिठ्ठीतले ‘कम्युनिटी प्रोजेक्ट्स’ म्हणजे काय याचा उलगडा झाला नाही. मी याच राज्यात राहते आणि अशाच एका गिल्डची जुनी सभासद आहे. ‘कम्युनिटी प्रोजेक्ट्स’ म्हणजे दानासाठी सगळ्यांनी मिळून शिवलेल्या क्विल्ट्स. माझा सल्ला असा की मासिक सभेने सुरुवात करू नका. दानाच्या क्विल्ट्स शिवायचा दिवस कोणता ते विचारा आणि थेट त्या दिवशी जा.

आधी गिल्डबद्दल थोडक्यात. मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही संस्था २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. ब्लॉगवरून एकमेकींचं काम पाहणाऱ्या बायका प्रत्यक्ष भेटायला लागल्या आणि बघता बघता गावोगावी गिल्ड निघाली. २०१३ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, ते क्विल्टकॉन. २०२४ साली ते आपल्या रॅलेत होतं. ‘मॉडर्न’ म्हणजे एकरंगी ठळक कापडं, भरपूर मोकळी जागा, आणि चौकटी मुद्दाम मोडायच्या. मोजमाप न करता अंदाजाने कापून जोडत जाण्याला इथे ‘इम्प्रॉव्ह’ म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा पैसे भरून करतात. तुमच्या आजीने ऐकलं तर हसेल. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच शिवत आल्या, जुन्या पँटी आणि शर्ट फाडून. २००२ साली त्यांच्या क्विल्ट्सचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागलं, तेव्हा कुठे शहाण्या लोकांचे डोळे उघडले.

मासिक सभा सगळीकडे साधारण सारखीच. चर्चच्या किंवा लायब्ररीच्या हॉलमध्ये, हिशेब आणि सूचना, एखाद्या पाहुणीचं व्याख्यान, आणि शेवटी ‘शो अँड टेल’, म्हणजे ज्याने त्याने आपली नवी क्विल्ट उलगडून दाखवायची. बघायला मजा येते, पण नवखी बाई मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवून घरी येते. सगळ्या जणी एकमेकींना ओळखतात, आपल्याला मात्र कोणी ओळखत नाही. कापडांची अदलाबदल, शनिवार-रविवारची शिबिरं, दर महिन्याचा ठरावीक ब्लॉक (तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन), हेही सगळं असतं. ते पुढे आपोआप कळेल.

दानाच्या दिवसाचा थाट वेगळा असतो. सकाळी टेबलं जोडून लावलेली, एकीकडे कापडाची खोकी. दोघी-तिघी कापत बसतात, कातरीने नाही तर पिझ्झा कापायच्या चाकासारख्या गोल धारदार चाकाने, खाली रबरी मॅट आणि वर जाड पारदर्शक मोजपट्टी. मशीनवर बसलेली बाई दोरा न तोडता तुकड्यांची एकेक जोडी सुईखाली सरकवत जाते, त्यामुळे मशीनच्या मागे पताकांसारखी माळ लोंबत राहते. मग कोणीतरी मधले दोरे कापून ती माळ इस्त्रीवालीकडे देते. शिवण पाव इंचाची, आणि त्यात मात्र इथे कोणी सवलत देत नाही. कारण सरळ आहे: वीस जणींनी केलेले तुकडे एकत्र यायचे असतील तर सगळ्यांची शिवण सारखी हवी. नवी बाई आली की तिला आधी कापडाच्या दोन पट्ट्या जोडायला सांगतात, त्यावर मोजपट्टी ठेवून मोजतात, जास्त-कमी असेल तर मशीनवर चिकटपट्टी लावून खूण करून देतात. पंधरा मिनिटांत तुम्ही कामाला लागलेल्या असता आणि शेजारच्या बाईला तुमचं नाव पाठ झालेलं असतं.

आता हे सगळं जातं कुठे? आमच्याकडून मुख्यतः चार ठिकाणी: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग, घर सोडून आलेल्या बायका-मुलांचा निवारा, वृद्धाश्रम, आणि एखाद्या घराला आग लागली तर तिथे. देशभर चालणारे उपक्रमही आहेत. मुलांसाठी पांघरुणं गोळा करणारं ‘प्रोजेक्ट लायनस’ १९९५ पासून आहे, युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांना क्विल्ट देणारं ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ २००३ पासून. काही गिल्ड त्यांना जोडून घेतात.

प्रत्येक ठिकाणाचे नियम वेगळे, आणि खरं शिकायला मिळतं ते इथे. व्हीलचेअरवरच्या माणसाची क्विल्ट लांब-रुंद करायची नाही, कडा चाकात अडकतात. बाळांच्या विभागात काचपेटीवर घालायला जाड आच्छादन लागतं, उजेड आत जाऊ नये म्हणून; त्यावर बटण, मणी, सुटी लेस काहीही चालत नाही. उलट ज्यांची स्मृती गेली आहे अशा वृद्धांसाठी मांडीवर ठेवायचे छोटे तुकडे करतो, त्यावर मुद्दाम चेन, बटणं, नाडी, खिसा असं लावतो, म्हणजे हातांना चाळा मिळतो. पण तीही बटणं दोनदा शिवायची, ओढून बघायची. सगळं घरच्या मशीनमध्ये धुता आलं पाहिजे. धुताना वासाचा साबण नाही.

आणि शेवटचं काम लोहचुंबकाचं. तयार झालेली क्विल्ट टेबलावर पसरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबकाची काठी हळूहळू फिरवतात. थर एकत्र धरायला शेकडो टाचण्या लावलेल्या असतात, त्यातली एखादी आत राहून गेलेली असू शकते. हे काम आमच्याकडे एक निवृत्त नर्स करते आणि त्या वेळी तिच्याशी कोणी बोलत नाही.

एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगते. काही गिल्डमध्ये दान म्हणजे कपाटातलं नको असलेलं कापड संपवायची सोय. वीस वर्षांपूर्वीचं नाताळच्या नक्षीचं कापड आणि करपलेला तपकिरी रंग, त्याची क्विल्ट शिवून निवाऱ्यात पाठवायची. जे आपण आपल्या पलंगावर घालणार नाही ते दुसऱ्याच्या अंगावर का घालायचं? तुमच्या गिल्डमध्ये खोक्यातलं कापड काय प्रतीचं आहे ते पहिल्याच दिवशी बघून घ्या, बरंच काही कळेल.

दरवर्षी एक सामुदायिक क्विल्टही होते. क्विल्टकॉनसाठी ठरावीक रंग आणि विषय जाहीर होतात, प्रत्येक गिल्डने मिळून एक क्विल्ट करायची, ती प्रदर्शनात लागते आणि नंतर गिल्ड तिला हव्या त्या संस्थेला देते. यात भांडणं भरपूर. भिंतीवर फ्लॅनेलचं कापड ताणून त्यावर ब्लॉक चिकटवून बघतात, कोणाचा ब्लॉक मध्ये आणि कोणाचा कोपऱ्यात यावरून चेहरे पडतात. पण काम शिकायला याहून चांगली जागा नाही.

कधी काम अंगावर येऊन पडतं. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये गोळीबारात ४९ जण मारले गेले, तेव्हा तिथल्या मॉडर्न क्विल्ट गिल्डने हृदयाच्या आकाराच्या ब्लॉकच्या क्विल्ट्स पाठवायचं आवाहन केलं आणि हजाराहून जास्त आल्या. मृतांच्या घरच्यांना, वाचलेल्यांना, मदतीला धावलेल्यांना त्या दिल्या. २०२० मध्ये तर सगळ्याच जणी क्विल्ट बाजूला ठेवून मास्क शिवत होत्या.

आता तुमच्या गोधडीबद्दल. तुमचा धावदोरा हे तुमचं भांडवल आहे. इथे बहुतेक जणी मशीनवर तरबेज, पण हाताने सारखे टाके घालणाऱ्या कमी, आणि गोटाची मागची बाजू हाताने शिवायला कायम माणूस हवं असतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कार्यशाळाही इथे होतात: काठापासून सुरुवात करून धावदोऱ्याने गोल गोल आत येत मध्यावर संपवायचं, आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं. माझी आत्याही काठाकडून आत अशीच शिवायची. कोणीतरी तुम्हाला कवंदीबद्दल विचारणारच; येत असेल तर एक दिवस शिकवा, सगळ्या गोळा होतील. आईच्या जुन्या सुती साड्या स्वतःच्या कामाला वापरा. दानाला मात्र बहुतेक ठिकाणी नवं सुती कापडच लागतं, विरलेलं धुण्यात टिकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कापड महाग, चांगल्या दुकानात वाराला १२-१४ डॉलर. दानाच्या कामाला कापड गिल्डचं असतं, हेही तिथून सुरुवात करायचं एक कारण. हे काम विनामोबदला असल्याने डिपेंडंट व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या) असाल तरी अडचण येऊ नये, पण क्विल्ट विकायचा विचार मनात आला तर आधी वकिलाला विचारा. भारतातून मशीन आणायच्या भानगडीत पडू नका, तिकडच्या मोटरला इथलं व्होल्टेज चालत नाही. इथे वापरलेली मशीन स्वस्तात मिळतात, आणि काही लायब्रऱ्या पुस्तकांसारखी मशीन घरी नेऊ देतात.

तोवर मशीन नसलं तरी जा. आपली कातर, चष्मा आणि डबा घेऊन जा, आणि आल्या आल्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहा. तिथे उभं राहायला कोणी तयार नसतं.